डावीकडे ओढणारी गाडी

पासंगराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सारी नोकरी वजनमापं तपासण्याच्या खात्यात गेली, तेव्हा बाजारातल्या दुकानदारांनी पाठीमागे ठेवलेलं ते नाव. पासंग म्हणजे तराजूच्या दोन पारड्यांमधली चोरटी तफावत. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही, दुकानदाराला दिसते पण तो बोलत नाही, आणि यांना ती म्हणे दुकानाची पायरी चढतानाच दिसायची. निवृत्त झाले तेव्हा तराजू सुटले, दुकानदार सुटले; संशय तेवढा पिशवीत घालून घरी आणला. घरात तपासायला होतं कोण? बायको, शेजारच्या गल्लीत राहणारी लेक, जावई, आणि दारातली जुनी गाडी. त्यातल्या त्यात गाडीवर त्यांचा विश्वास होता.

गाडी त्यांच्या लग्नाहून थोडी धाकटी. सायीच्या रंगाची, चौकोनी नाकाची, दार लावलं की कपाट लावल्यासारखा आवाज करणारी. बायको तिला सवत म्हणायची. "सवतीला आंघोळ घालून झाली असेल तर जेवायला या," असं रोज गॅलरीतून ओरडायची. पासंगराव हसायचे नाहीत, पण त्यांना ते आवडायचं.

आणि आता हीच गाडी डावीकडे ओढायला लागली होती.

सुरुवातीला थोडी. मग एक दिवस नात मागे बसलेली असताना डावं चाक सरळ फुटपाथवर चढलं आणि गाडी दिव्याच्या खांबाला घासून थांबली. नातीला, चिमणीला, काही लागलं नाही, ती उलट म्हणाली, "आजोबा, परत करा ना!" पण रात्री लेकीनं फोन केला. रडली, आणि मग एकदम शांत आवाजात म्हणाली, "बाबा, ती गाडी सरळ चालेपर्यंत चिमणी त्यात बसणार नाही. मला वाईट म्हणा, काहीही म्हणा."

पासंगरावांनी फोन ठेवून दिला. रोज सकाळी चिमणीला शाळेत सोडणं हा त्यांच्या दिवसाचा कणा होता. शाळेच्या फाटकापाशी ती मैत्रिणींना सांगायची, "ही आमची गाडी, आणि हे आमचे आजोबा," याच क्रमानं. आता तिला जावई आपल्या स्कूटरवरून सोडत होता, आणि पासंगराव खिडकीतून ती स्कूटर जाताना बघायचे. बघून झालं की कुणावर तरी चिडायचे.

"एकदा डोळे तपासून घ्या हो," बायको म्हणाली.

"डोळ्यांना काय धाड भरलीय? सुईत दोरा अजून मीच ओवून देतो तुला. तो डोळ्यांचा डॉक्टर आणि खालचा चष्मेवाला, दोघे मिळालेले आहेत. सगळ्या गावाला नंबर लागतो तो काय उगाच?"

"मग गाडी गॅरेजमध्ये द्या."

"गॅरेजमध्ये? म्हणजे एक चाक सरळ करायला दिलं की चार वाकडी होऊन परत येतील!"

तेव्हा ठरलं. चाकांचं अलाइनमेंट घरीच, अंगणात, स्वतःच्या हातानं.

काम मोठं नाही, पण चोख हवं. पुढची दोन चाकं एकमेकांना अगदी समांतर नसतात; त्यांची पुढची टोकं मागच्यापेक्षा जराशी आत हवीत, बोटं किंचित आत वळवून चालणाऱ्या माणसाच्या पावलांसारखी. ही जराशी म्हणजे दोन-अडीच मिलिमीटर. तेवढं इकडचं तिकडे झालं की गाडी सुचेल तिकडे जाते. पासंगरावांनी फरशीचा सपाट भाग शोधला, टायरांतली हवा मोजली, आणि गाडी पुढेमागे ढकलून चाकं बसती केली. पुढच्या चाकांखाली ग्रीस लावलेले पत्र्याचे दोन-दोन तुकडे सरकवले, म्हणजे चाक वळताना फरशीला चिकटून हट्ट करणार नाही. स्टिअरिंग बरोबर मध्यावर आणून माथ्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. मग गाडीच्या दोन्ही अंगांना, चाकांच्या मध्याच्या उंचीवर, लांबलचक दोऱ्या ताणल्या. दोन्ही दोऱ्या एकमेकींना समांतर आणि गाडीला समांतर, याची खात्री करण्यातच दुपार गेली. शेवटी गुडघ्यावर बसून पोलादी पट्टीनं दोरीपासून रिमच्या पुढच्या कडेचं अंतर घेतलं, मग मागच्या कडेचं. अर्ध्या मिलिमीटरची रेघ त्यांना चष्म्याशिवाय दिसली. म्हणे डोळे तपासा!

फरक होता. फार नाही, पण होता. ते गाडीखाली गेले, चाकांना वळवणाऱ्या दांड्यांचे लॉकनट सैल केले, दांडी पाव फेरा फिरवली, परत मोजलं, परत फिरवली. मापं जुळल्यावर नट करकचून आवळले.

बाहेर यायला उजवीकडे वळले तर जावई शेजारी उभा! केवढा दचकले ते.

"जावईबापू, माणसानं खाकरून तरी यावं!"

"बाबा, मी दोनदा हाक मारली की. आणि समोरूनच आलो." दिव्याच्या खांबाएवढा उंच माणूस, छापखान्यात रात्रपाळी करायचा, म्हणून दिवसभर मोकळा. "मदत हवी का विचारत होतो."

"नको."

हल्ली सगळेच असे चोरपावलांनी यायला लागले होते. दूधवाल्याची सायकल परवा अशीच कुठून तरी उगवली. बायको चहाचा कप टेबलाच्या अगदी कडेला ठेवते, आपण हात नेला की तो खाली जातो, आणि वर तीच म्हणते, "मधोमध तर ठेवला होता." न्हाणीच्या दाराची चौकट सुतारानं मूळचीच अरुंद बसवलेली, रोज उजव्या खांद्याला लागते. पासंगरावांनी हे सगळं मनात नोंदवून ठेवलं होतं. नोंदवणं हा त्यांचा धर्मच.

दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढली. कोपऱ्यापर्यंत बरी गेली. मोठ्या रस्त्याला लागली आणि थोड्याच वेळात डावी कड जवळ, आणखी जवळ, आणि टायर फुटपाथला घासल्याचा तो किळसवाणा आवाज. पासंगराव घाम पुसत परत आले. पुन्हा दोऱ्या ताणल्या, पुन्हा मापं घेतली. मापं जिथल्या तिथे होती.

तराजू बरोबर आहे आणि माल कमी भरतोय, म्हणजे मध्ये कुणाचा तरी हात आहे. एवढं तर खात्यातला शिपाईसुद्धा सांगेल. पण कुणाचा?

उत्तर त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकू आलं. लेक आईला सांगत होती, "बाबांना एवढ्यात कळू देऊ नकोस. आधी सगळं होऊ दे, मग सांगू. नाहीतर किल्ली मुळीच हातातून सोडायचे नाहीत."

पासंगराव पाण्याचा तांब्या तसाच घेऊन मागे फिरले. गाडी विकताहेत! आधी ती बिघडवायची, मग म्हाताऱ्याला म्हणायचं, बघा बाबा, भंगार झालीय, देऊन टाकू. पोटची पोर! आणि बायकोही त्यात.

पण तेही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. खात्यातून निघताना बाद झालेली एक शिक्क्याची पक्कड त्यांनी आठवण म्हणून मागून घेतली होती. तपासलेल्या तराजूला तार ओवून, तिची टोकं शिशाच्या गोळीत घालून या पकडीनं दाबली की गोळीवर ठसा उठतो. मग तार तोडल्याशिवाय तराजूला हात लावता येत नाही. पासंगराव गाडीखाली शिरले आणि दोन्ही लॉकनटांना तारेनं बांधून शिक्के मारले. शिवाय उभ्या गाडीच्या टायरवर खडूची एक रेघ काढली, ती तशीच खाली फरशीवर उतरवली. गाडी हलली की रेघ फुटणार.

बुधवारी दुपारी ते न्हाव्याकडे जायचे. दाढी, मग बाकावर बसून गप्पा, मग सावकाश घरी. त्या बुधवारीही गेले. परत आले ते सरळ गाडीपाशी.

रेघ फुटलेली होती.

झटकन खाली वाकून बघितलं, तर शिक्के शाबूत. म्हणजे नटांना कुणी हात लावलेला नाही, पण गाडी बाहेर गेली होती. हे काय गौडबंगाल? ते दार उघडून आत बसायला गेले आणि गुडघे धाडकन स्टिअरिंगखाली आपटले. सीट पुढे सरकवलेली! चांगली वीतभर. जावई चालवत असता तर सीट मागे गेली असती. तो माणूस गुडघे कानाला लावूनच या गाडीत बसतो. मग?

"गिऱ्हाईक," पासंगराव स्वतःशी म्हणाले. "गिऱ्हाईक बुटकं आहे."

तो आठवडा त्यांनी कसा काढला त्यांचं त्यांनाच ठाऊक. जेवणावर मन नाही. बायको हसून बोलली तरी त्यांना वाटायचं, कशाला हसतेय? चिमणी एकदा येऊन गेली. गाडीच्या बॉनेटवर गाल टेकवून विचारलं, "आजोबा, झाली का सरळ?" ते म्हणाले, "होतेय गं, होतेय," आणि नळ सोडून उगाच हात धूत बसले. गाडी गेली तर चिमणीच्या त्या वाक्यात फक्त "हे आमचे आजोबा" उरणार होतं. नुसत्या आजोबाला कोण विचारतं, असं त्यांना वाटायचं.

पुढच्या बुधवारी ते पिशवी घेऊन निघाले, "येतो गं न्हाव्याकडून" असं जरा मोठ्यानंच म्हणाले, आणि कोपऱ्यावरून वळसा घालून समोरच्या दातांच्या डॉक्टरच्या फाटकाआड जाऊन उभे राहिले. आतून कुणी तरी विचारलं, "दाढ दुखतेय का?" त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

थोड्या वेळानं जावई आला. गाडीचं दार उघडून डावीकडच्या सीटवर अंगाची घडी घालून बसला. आता गिऱ्हाईक येणार.

घराचं दार उघडलं. बायको बाहेर आली. पदर खोचलेला, पायात कापडी बूट, आणि बगलेत दिवाणावरची लाल उशी. तिनं उशी चालकाच्या सीटवर टाकली, वर बसली, आरसा आपल्या उंचीला वळवला आणि गाडी चालू केली. क्लच सोडताना गाडीनं एक उचकी दिली. मग ती फाटकातून बाहेर आली.

पासंगराव रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

गाडी थांबली. चांगली, हातभर अलीकडे, हेही त्यांच्या लक्षात आलं.

"अगं, तू?" त्यांच्या तोंडून एवढंच निघालं. आणि मग धरण फुटलं. "म्हणजे तूच ती! तू चाक फुटपाथवर घालतेस आणि मी तिथे दोऱ्या ताणून कंबर मोडून घेतोय! या वयात हे काय सुचलं तुला? सवत म्हणत म्हणत शेवटी तिच्याच उरावर बसलीस?"

"ओरडून झालं का?" बायकोनं काच आणखी खाली केली. "झालं असेल तर मागे बसा. आणि मग बोला."

"बाबा, बसा ना," जावई म्हणाला.

ते बसले. आपल्याच गाडीत मागच्या सीटवर, चिमणीच्या जागेवर. तिथे खडीसाखरेचा चिकट डाग होता.

गोदामांच्या मागचा रस्ता सरळसोट आणि दुपारी रिकामा असतो. तिथे आल्यावर जावई म्हणाला, "आई, वेग धरा. आणि आता सोडा." बायकोनं स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलले. पासंगराव ओरडणारच होते. आयुष्यात त्यांनी कधी चालत्या गाडीचं स्टिअरिंग सोडलं नव्हतं. हातातला तराजू सोडून कुणी तोलतं का? पण गाडी चालली होती. एक गोदाम गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. पांढरी चिकटपट्टी माथ्यावर जिथल्या तिथे. गाडी दोरीवरून चालल्यासारखी सरळ चालली होती.

"गुडघ्यानं धरलं असशील!" ते म्हणाले.

बायकोनं गाडी थांबवली, उतरली, आणि दार उघडून धरलं. "या. तुमचे गुडघे तर तुमच्याच ताब्यात आहेत ना?"

त्यांनी उशी काढून तिच्या हातात दिली, सीट मागे घेतली, गाडी वेगात आणली, आणि जीव मुठीत धरून हात उचलले. सरळ. रेघेसारखी सरळ. त्यांना इतका आनंद झाला की हसूच फुटलं. "बघितलंत? अर्ध्या मिलिमीटरचा फरक नाही! मी केलंय हे!"

"हो, तुम्हीच केलंय," बायको मागून म्हणाली. "आता धरा. आणि नेहमीसारखी चालवा. मात्र ती पट्टी बघत राहा."

त्यांनी स्टिअरिंग धरलं. समोर रस्ता, अधूनमधून नजर पट्टीवर. पट्टी माथ्यावर होती. मग ती हळूच डावीकडे कलली. त्यांनी सरळ केली. ती परत कलली. डावी कड जवळ येत होती, गाडी ओढत होती, नेहमीसारखीच ओढत होती. पण पट्टी फिरत होती त्यांच्याच हाताखाली.

ब्रेक दाबला तेव्हा पुढचं चाक फुटपाथपासून बोटभर लांब होतं. उजवीकडून एक हातगाडीवाला हळूहळू पुढे निघून गेला. तो शेजारून जाईपर्यंत पासंगरावांना दिसलाच नव्हता.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"तो कप फुटला तेव्हापासून," बायको म्हणाली. "तिसरा. मी म्हटलं डोळे दाखवा, तर तुम्ही डॉक्टरलाच चोर ठरवलंत. मी काय करणार होते? तुम्हाला सांगितलं असतं तर ऐकलं असतंत? मग म्हटलं, आपणच शिकावं. निदान चिमणीचं या गाडीतून शाळेत जाणं तरी चुकायला नको. परवाच लायसन्स हातात आलं." तिनं लाल उशी मांडीवर ओढून घेतली. "मला काय हौस आहे हो तुमची गाडी काढून घ्यायची? मला भीती वाटते. तुम्ही बाहेर गेलात की परत येईपर्यंत मी गॅलरीतून हलत नाही."

डोळ्यांच्या डॉक्टरकडे तिथूनच गेले. गाडी बायकोनं नेली. डॉक्टरनं त्यांचा डावा डोळा झाकला, समोर बघायला सांगितलं आणि म्हणाला, "बाजूनं माझं बोट येईल. दिसलं की सांगा."

पासंगराव ताठ बसून वाट बघत राहिले. बराच वेळ झाला. शेवटी ते म्हणाले, "अहो डॉक्टर, सुरुवात करा की."

बायकोचा आवाज आला, अगदी हळू. "अहो, केव्हाचं हलतंय ते बोट. तुमच्या कानाजवळून पार गालापर्यंत आलंय."

त्यांनी गर्रकन मान वळवली. बोट तिथे होतं.

काचबिंदू. डॉक्टरनं नीट समजावून सांगितलं. समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. कडा आधी जातात. उजव्या डोळ्याची बाहेरची बाजू गेली होती. जिकडून काही दिसत नाही आणि एकदम काहीतरी अंगावर येतं, त्या बाजूपासून माणूस नकळत लांब सरकतो. गेलेलं परत येणार नाही, आहे ते औषधाच्या थेंबांनी राखायचं. गाडी मात्र आता नाही.

एरवी पासंगरावांनी शंभर शंका काढल्या असत्या. आज एकच प्रश्न विचारला, "म्हणजे कुणी चोरपावलांनी येत नव्हतं?"

"नाही हो," डॉक्टर म्हणाला.

दरवर्षी खात्यात एक दिवस असा यायचा, की निरीक्षकांनी आपापली वजनं पेटीत घालून मुख्य कचेरीत न्यायची आणि तिथल्या वजनांशी तोलून घ्यायची. जो दुसऱ्यांची मापं तपासतो त्याचं माप आधी तपासा, असा नियमच होता. निवृत्तीनंतर पासंगराव तो दिवस विसरले होते. घरी येताना बायकोच्या शेजारी बसून त्यांनी हे तिला सांगितलं. ती समोर बघत म्हणाली, "मला आत्ता बोलता येत नाही, मी गिअर टाकतेय."

त्या रात्री ते फार वेळ जागे होते, आणि बायकोला ते कळलं होतं. सकाळी ती उठली तेव्हा अंथरूण रिकामं. गॅलरीत धावली. खाली गाडीचं दार उघडं होतं आणि त्यातून पासंगरावांचे दोन पाय बाहेर आलेले दिसत होते.

"अहो! काय चाललंय?"

"खाली ये. उशी घेऊन ये."

ती उतरली. त्यांनी तिला उशीवर बसवलं, क्लच पूर्ण दाबायला लावला, सीट एक खाच मागे, मग एक खाच पुढे घेतली. "गुडघा अडतोय? हात लांबवावा लागतोय? खरं सांग, भिडेखातर हो म्हणू नकोस." ती म्हणाली, "आता बरोबर आहे." तेव्हा ते पुन्हा फरशीवर बसले, सीटच्या पट्टीतून तार ओवली, टोकं शिशाच्या गोळीत घातली आणि पक्कड दाबली. सीट आता पुढे जाणार नव्हती आणि मागेही. आता ते स्वतः कधी त्या जागेवर बसले तर त्यांचेच गुडघे आपटणार होते.

"हे काय केलंत?" बायकोनं विचारलं. तिला समजलं होतं, तरी विचारलं.

"शिक्का आहे. तोडला तर दंड." त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि तिच्या हातात किल्ली ठेवली. "चल आता, आवर. शाळेची वेळ झाली. आणि क्लच हळू सोड, नाहीतर चिमणी मैत्रिणींना सांगायची, आमच्या आजीच्या गाडीला उचकी लागते."